काचेपलीकडची पंगत

“आधी वास घ्या,” असं म्हणून ते दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, मान पुढे काढायचे आणि काचेच्या पेटीसमोर डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचे. शाळेच्या सहलीला आलेली आयरिश पोरं खुदखुदायची. काचेला कसला आलाय वास? आला तर काच पुसायच्या औषधाचा. पण चार-दोन नाकं पुढे व्हायचीच. मग ते डोळे उघडून गंभीरपणे विचारायचे, “सांगा, आज डब्यात काय आहे?”

हे सगळं अर्थात इंग्रजीत चालायचं, आणि त्यांचं इंग्रजी अर्धं नागपूरचं, अर्धं आयर्लंडच्या किल्डेअर भागातलं होतं. मी मात्र मराठीतच सांगते आहे, कारण माझ्या कानात ते मराठीतच राहिले आहेत.

डबा म्हणजे जपानी डबा. डब्लिनमधल्या ज्या वस्तुसंग्रहालयात आम्ही दोघं नोकरीला होतो, तिथल्या एका अंधाऱ्या दालनात तो होता, अजूनही आहे. काळाभोर, चकचकीत, त्यावर सोन्याच्या भुकटीनं काढलेली गवताची पाती. वर धरायला कडी. एका बाजूला एकावर एक रचलेले चार कप्पे, आपल्या पुडाच्या डब्यासारखेच, फक्त चौकोनी. दुसऱ्या बाजूला पेयाची सुरई. आणि पाच छोट्या बशा, त्या मांडणी करणाऱ्यांनी डब्याबाहेर ओळीनं लावून ठेवलेल्या. वसंतात झाडं फुलली की माणसं घराबाहेर पडून झाडाखाली बसत, तेव्हा न्यायचा हा डबा. आपल्याकडच्या लाखेच्या कामासारखा दिसतो, पण हे काम एका झाडाच्या चिकाचं असतं. या चिकाला उजेड सोसत नाही, म्हणून ते दालन दिवसभर तिन्हीसांजेसारखं. बाकीचे अटेंडंट तिथली पाळी टाळायचे. हे मागून घ्यायचे.

मी त्यांना काका म्हणायचे. उंच, खांद्यात थोडे वाकलेले. संग्रहालयाचा निळा कोट बाह्यांना तोकडा पडायचा आणि मनगटं बाहेर डोकावायची. खूप वर्षांपूर्वी ते आयर्लंडला आले ते इंजिनीअर म्हणून, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात. पुढे तिथली माणसं कमी झाली, त्यात हेही कमी झाले. दुसरा माणूस या वयात खचला असता. यांनी वस्तुसंग्रहालयात उभं राहायची नोकरी धरली. “आधी पांढरा झगा घालून काचेच्या आत उभा होतो, आता निळा कोट घालून काचेच्या बाहेर उभा आहे,” ते म्हणायचे. “पायांना काय फरक पडतो? ग्रँड आहे बाप्पा.”

डब्यात काय आहे, याचं त्यांचं उत्तर ठरलेलं नसायचं. “वरच्या कप्प्यात बटाटे,” ते सांगायचे. बटाटे म्हटल्यावर आयरिश पोरं खूश. “पण पिवळे. मोहरी घातलेले.” दुसऱ्यात पुऱ्या, त्या गार झाल्यावरच खायच्या. तिसऱ्यात कैरीचं लोणचं, आणि त्याचं तेल चौथ्या कप्प्यातल्या दहीभातात झिरपतं, तोच भात सगळ्यात चांगला लागतो. आता तुम्हीच सांगा, कोणता जपानी माणूस फुलं बघायला दहीभात घेऊन गेला असेल? आमच्या क्युरेटर बाईंच्या कानावर हे गेलं. त्या स्वभावानं गरीब. त्यांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की पाटीवर सगळी माहिती लिहिलेली आहे, तेवढीच सांगितलीत तर बरं. काका म्हणाले, “मॅडम, डबा रिकामा आहे म्हटलं की मुलं पुढच्या दालनात पळतात.” बाई हसल्या आणि त्यांनी तो विषय सोडला.

माझं काम वस्तूंचे फोटो काढून त्यांची माहिती संगणकात भरायचं. काका मला भेटले ते कँटीनमध्ये, मी माझा डबा मायक्रोवेव्हमधून काढत असताना. मागून आवाज आला, “पुण्याची ना?”

मी दचकले. “कशावरून?”

“भाजीला साखरेचा वास येऊन राहिला.”

मला राग यायला हवा होता, पण सकाळी क्लोनडॉकिनच्या घरून निघाल्यापासून मी एक शब्द मराठी बोलले नव्हते, त्यामुळे मी नुसती हसत बसले. त्यानंतर माझा डबा उघडला की ते येऊन उभे राहायचे, वाकून बघायचे आणि शेरा मारायचे. पोळी जाड आहे. फोडणी घाबरत घाबरत दिली आहे. पुण्याच्या माणसाला तिखटाची भीती वाटते, म्हणून तो सगळ्यांना चिमटे काढत फिरतो. मी घास दिला तर मात्र घ्यायचे नाहीत. त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा स्टीलचा पुडाचा डबा असायचा, बंद. दुपारी पाळी संपली की तो बंद डबा घेऊनच ते मेनूथच्या आगगाडीला जायचे.

शेवटी मी विचारलं, “काका, तुम्ही जेवता तरी कधी?”

“जेवतो नं. तिच्यासमोर जेवतो.”

तेव्हा मला कळलं की काकू मेनूथजवळच्या एका नर्सिंग होममध्ये आहेत. विसरण्याचा आजार. मूलबाळ नाही. त्यांना घरी एकट्यानं सांभाळणं काकांना अशक्य झालं तेव्हा त्यांनी हा निर्णय घेतला होता, आणि त्याबद्दल ते कधीच बोलत नसत. बोलायचे ते फक्त जेवणाबद्दल.

काकू लग्न होऊन आल्या तेव्हा काकांच्या आईनं त्यांना घरची रीत सांगितली होती: पुरुषमाणसं जेवल्याशिवाय बायकांनी ताटावर बसायचं नाही. मग सासू गेली, नागपूर सुटलं, मेनूथच्या दोन खोल्यांत दोघंच उरली, तरी काकू आधी यांना वाढायच्या आणि यांचं झाल्यावर स्वतः बसायच्या. आता आजारात त्यांचं सगळं गेलं होतं. नागपूर गेलं, आयर्लंड गेलं, काका कधी त्यांचे मोठे भाऊ असत तर कधी डॉक्टर. पण समोर ताट आलं की त्या हात मांडीवर ठेवून थांबायच्या. काकांनी पहिला घास घेतला की मग दुसऱ्या मिनिटाला त्यांचा हात हलायचा. एवढी सवलत आजारानं दिली होती, की काकांचं संपेपर्यंत थांबायचं असतं हे त्या विसरल्या होत्या. सुरुवात झाली की पुरे.

“माझं नाव विसरली,” काका म्हणाले. “पण हे नाही विसरली.”

मला संताप आला. आमच्या घरी नवरा एका लॅपटॉपसमोर जेवतो आणि मी दुसऱ्यासमोर, ते काही फार चांगलं नाही. पण ज्याला आधी भूक लागेल तो आधी जेवतो. मी काकांना तसं तोंडावर म्हटलं. म्हटलं, ही कसली रीत? बाईच्या डोक्यातून सगळं पुसलं जातं आणि नेमकं हेच राहतं?

त्यांनी वाद घातला नाही. “रागाव,” ते म्हणाले. “मीही रागावतो. माझ्या रागाला उशीर झाला, एवढंच.”

मग ते मला त्या अंधाऱ्या दालनात घेऊन गेले. पाटीवर काय लिहिलंय ते सांगितलं नाही, डब्यात काय आहे तेही नाही. फक्त पाच बशांकडे बोट केलं, तेही काचेपासून वीतभर दूर. “पाहा. सगळ्या एका मापाच्या. मोठी कोणती, लहान कोणती, काही नाही. म्हणजे सगळे एकदम बसत असतील ना? इथे उभं राहून राहून एक दिवस माझ्या डोक्यात उजेड पडला. घरी गेलो न् म्हटलं, अगं, बस माझ्यासोबत. तेव्हा ती आजारी पडली होती, पण घरीच होती. बसली. हात मांडीवर ठेवून बसली, माझं होईपर्यंत.” मग म्हणाले, “आधी कधी म्हटलंच नाही मी. म्हणायचं असतं हेच सुचलं नाही. उलट लोकांना सांगायचो, आमची बायको अजून आमच्याआधी जेवत नाही म्हणून. कौतुकानं.”

मार्च महिन्यात करोना आला आणि सगळं बंद झालं. नर्सिंग होमची दारं आमच्या संग्रहालयाच्याही आधी बंद झाली. पहिले काही दिवस काका फोनवर ठीक बोलत. मग एक दिवस त्यांचा आवाजच वेगळा. काकू जेवत नव्हत्या.

तिथे केरळची एक नर्स होती. चांगली, कष्टाळू बाई. त्या दिवसांत तोंडावर मास्क आणि त्यावर प्लास्टिकचा पडदा लावून बारा-बारा तास राबत होती. तिनं काकांना सांगितलं, की ताट ठेवलं की काकू ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला सरकवतात, रिकाम्या खुर्चीसमोर, आणि बघत बसतात. चमच्यानं भरवायला गेलं तर ओठ घट्ट मिटून घेतात. वजन उतरत होतं. काकूंना गिळण्याचा त्रास असेल असं डॉक्टरांना वाटत होतं. काकांनी रीत समजावून सांगितली, तर नर्स म्हणाली, “माझी अम्माही अशीच थांबायची.” समजलं तिला सगळं. पण समजून काय करणार? खुर्चीत बसायला माणूस हवा होता आणि माणसाला आत येता येत नव्हतं.

व्हिडिओची कल्पना माझी. मी म्हटलं, काका, जेवतानाचा व्हिडिओ काढा, नर्स तो टॅबलेटवर लावेल. त्यांनी फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून स्वतःचा व्हिडिओ काढला आणि मला पाठवला. बघते तर काय, संग्रहालयाचा निळा कोट घालून, केस नीट बसवून, पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखे काका वरणभात खाताहेत! मी एकटी हसले आणि मग मला हसू येईना. नर्सनं तो व्हिडिओ काकूंसमोर लावला. काकूंनी थोडा वेळ पाहिलं, टॅबलेटच्या मागे काय आहे ते वाकून बघितलं, आणि मग त्यावर नॅपकिन झाकून ठेवला. ताटावर माशी बसू नये म्हणून झाकतात तसा.

मग खिडकी सुचली, ती नर्सला. जेवणाची खोली तळमजल्यावर होती, तिची एक खिडकी बाजूच्या बागेकडे. नर्सनं काकूंचं टेबल त्या खिडकीशी ओढून घेतलं. काका दुपारी बाहेरून यायचे, फुलांच्या वाफ्यात उभे राहायचे, खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर डबा मांडायचे. एकेक पूड उचलून काचेशी धरायचे, आत काय आहे ते काकूंना दिसावं म्हणून. आणि मग पहिला घास. पहिल्या दिवशी काकू नुसत्या पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी चमचा उचलला. त्या संध्याकाळी काकांचा मला फोन आला. “जेवली,” एवढंच म्हणाले.

घरापासून फार लांब जायला बंदी होती तेव्हा. वाटेत एक तरुण पोलीस गाड्या थांबवून विचारायचा. काकांनी त्याला डबा दाखवला आणि सांगितलं, मी जेवलो की माझी बायको जेवते. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं सोडलं. नंतर नंतर तो काच खाली करायला सांगून विचारायचा, “आज काय आहे?” आणि काका त्यालाही म्हणायचे, “आधी वास घे.”

उन्हाळ्यात संग्रहालय उघडायच्या आधी मला त्या जपानी डब्याचे नव्यानं फोटो काढायचे होते. लोक येऊ शकत नाहीत तर निदान पडद्यावर बघतील, असा विचार. जतन विभागातल्या बाई हातमोजे घालून एकेक कप्पा उचलणार होत्या. काकांनी इतकी वर्षं त्या डब्याची राखण केली होती, पण आत काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. मी परवानगी काढली. ते दारातच उभे राहिले, मास्क लावून, हात पाठीमागे बांधून.

आतून तो लाल निघाला. गडद, भरलेला लाल. वरचा कप्पा, दुसरा, तिसरा, चौथा. सगळे रिकामे, हे काही सांगायला नको. पण बाई प्रत्येक कप्पा दिव्याखाली तिरका धरून बघत होत्या आणि म्हणत होत्या, कुठे ओरखडा नाही, डाग नाही, बशांच्या काठांना झीज नाही. सुरईत कधी थेंब ओतल्याची खूण नाही.

“म्हणजे वापरलाच नाही?” काकांनी दारातून विचारलं.

बाई म्हणाल्या, कदाचित नसेल. अशा वस्तू पुष्कळदा भेट म्हणून दिल्या जातात आणि मग जपून ठेवल्या जातात.

मी फोटो काढत राहिले. निघताना जिन्यात ते मला म्हणाले, “कोणाला तरी वाटलं असेल, एवढा सुंदर आहे, रोज काय काढायचा. चांगला दिवस आला की काढू.” मग दोन पायऱ्या उतरून म्हणाले, “पाच बशा, आणि एकही जण नाही बसला.” त्यानंतर ते मुलांना डब्यात काय आहे ते सांगताना मी ऐकलं नाही. खरं तर मुलंच येत नव्हती. दालनात जमिनीवर बाण चिकटवले होते, आणि माणसं मास्क लावून बाणांप्रमाणे चालत निघून जायची.

ऑक्टोबरमध्ये एकदा मीच त्यांना गाडीनं खिडकीशी घेऊन गेले, त्यांची गाडी बंद पडली होती म्हणून. भुरभुर पाऊस होता. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली तर म्हणाले, “माझ्यावर नको, भातावर धर.” मी छत्री भातावर धरली. काका भिजत होते. काचेपलीकडे काकू होत्या: पांढऱ्या केसांची बारीक वेणी, जांभळा स्वेटर, समोर कुस्करलेला बटाटा आणि गाजर. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. फार सुंदर बाई. त्यांनी काकांकडे पाहिलं ते ओळखीनं नव्हे, पण ताट वाढलेल्या बाईचं लक्ष असतं तसं. घास मोठा होता का, मीठ बरोबर आहे का, माणूस नीट जेवतोय का.

काकांचा डबा लवकर संपला. तरी ते जेवतच होते. मला आधी कळलं नाही. मग मी नीट पाहिलं. रिकाम्या पुडात बोटं फिरवायची, हात तोंडाशी न्यायचा, चावायचं, गिळायचं. पुन्हा बोटं फिरवायची. चेहऱ्यावर चव लागल्याचा आनंद.

“मी उठलो की तीही उठते,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “ताट उचलायला लागते. म्हणून तिचं होईपर्यंत जेवत राहायचं.”

त्या पावसात ते किती तरी वेळ नुसती हवा खात उभे होते. माणूस बायकोसाठी काय काय करतो याच्या गोष्टी आपण ऐकतो. डोंगर फोडतो, महाल बांधतो. मी जे पाहिलं ते याहून मोठं होतं, असं मला वाटतं. काकूंची बशी रिकामी झाली, नर्सनं आतून अंगठा वर केला, तेव्हाच काकांनी डब्याला झाकण लावलं.

जानेवारीत करोना घराघरांत शिरला. काकांना कुठून मिळाला कुणास ठाऊक. दुकानात जायचे, खिडकीशी जायचे, बाकी कुठे नाही. हॉस्पिटलमधून त्यांनी मला फोन केला, नाकाला ऑक्सिजन. शब्द तुटत होते. मी म्हटलं, काका, बोलू नका. तर म्हणाले, “कोणी गेलं काय खिडकीवर?”

मी म्हटलं, मी जाईन.

“ती तुझ्यासमोर नाही जेवणार,” ते म्हणाले. त्यांना खोटा धीर नको होता, आणि मला तो देताही आला नाही. “पण जा,” ते म्हणाले. “बघ काही जमलं तर.”

त्यानंतर त्यांच्याशी बोलणं झालं नाही. चार-पाच दिवसांनी ते गेले.

दहनाला दहाच माणसांना परवानगी होती, आणि आम्ही दहाही भरलो नाही. नागपूरचे भाऊ-पुतणे फोनच्या पडद्यावर होते, त्यांचं रडणं मधेमधे अडकून येत होतं. क्युरेटर बाई आल्या होत्या, मागच्या बाकावर एकट्या बसल्या. आपल्याकडे कोणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारची पिठलंभात घेऊन जातात. मी सवयीनं सकाळी पिठलंभात केला, डब्यात भरला, आणि मग माझ्या लक्षात आलं की तो नेऊन द्यायला घरच नाही. त्या घरातलं उरलेलं माणूस काचेच्या आत होतं, आणि त्याला काही माहीत नव्हतं.

तोच डबा घेऊन मी मेनूथच्या रस्त्याला लागले.

नर्स खिडकीशी वाट बघत होती. तिनं फोन स्पीकरवर करून काकूंच्या टेबलावर ठेवला, म्हणजे बोलता येईल. काका हॉस्पिटलात गेल्यापासून काकूंच्या पोटात दूध आणि औषधाचं पातळ पेय, एवढंच जात होतं. तेही बळेबळे. गालांची हाडं वर आली होती. “त्या सारखं एकच काहीतरी विचारतात,” नर्स म्हणाली. “तुमच्या भाषेत. आम्हाला कोणालाच कळत नाही. आम्ही नुसतं ‘येस, डार्लिंग’ म्हणतो, पण त्यांचं समाधान होत नाही.”

मी वाफ्यात उभी राहिले. डबा कट्ट्यावर मांडला, काका करायचे तसंच एकेक पूड काचेशी धरून दाखवलं, आणि पहिला घास घेतला. काकू माझ्याकडे पाहत होत्या. परक्याचं मूल आपल्या ओसरीवर बसून खातं, तेव्हा आपण कौतुकानं बघतो, तसं. हात मांडीवरच. मी दुसरा घास घेतला. त्यांनी ताट हळूच पलीकडे सरकवलं, रिकाम्या खुर्चीसमोर. मी हात खाली घेतला.

मग त्या बोलल्या. आवाज बारीक, पण स्वच्छ.

“हे जेवले काय?”

मी तुम्हाला सांगितलंच आहे, मला या रीतीचा किती संताप होता. त्या क्षणी तो सगळा परत वर आला. म्हणावंसं वाटलं, काकू, जेवा हो तुम्ही, कोणाची वाट बघू नका, आता वाट बघण्यासारखं कोणी उरलं नाही. खरं सांगायचं तर तेच खरं होतं. पण ते ऐकून त्या आज रडल्या असत्या, उद्या विसरल्या असत्या, आणि ताटासमोर पुन्हा थांबल्या असत्या. त्यांना मी काय शिकवणार होते?

“हो काकू,” मी म्हटलं. “जेवले.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “पोटभर?”

“पोटभर.”

“भात गरम होता?”

“गरम होता. वरणही होतं. हात धुऊन पडलेत आता जरा.”

काकूंनी मान हलवली. चेहऱ्यावरचा सगळा ताण एकदम उतरला. पुरुषांची पंगत उठली, स्वयंपाकघरात आता कोणाची हाक येणार नाही, अशा वेळी बाई जशी पदरानं कपाळ पुसून खाली बसते, तशा त्या खुर्चीत सैल झाल्या. पलीकडे सरकवलेलं ताट त्यांनी स्वतःच जवळ ओढलं. मग काचेतून माझ्या डब्याकडे बोट केलं.

“मग चाल नं,” त्या म्हणाल्या. “आता आपण बसू.”

मी घास उचलला, त्यांनी चमचा उचलला. आम्ही दोघींनी एकदमच सुरुवात केली.